तीन शब्द लिहा

माझं झेरॉक्सचं दुकान एका कॉलेजच्या फाटकासमोर आहे. डिचोली तालुक्यात, एवढंच सांगतो. कुठलं कॉलेज ते विचारू नका, पोट त्याच्यावर आहे. दोन झेरॉक्स मशीन, एक प्रिंटर, दोन कॉम्प्युटर, स्पायरल बाइंडिंगचं पंचिंग मशीन, आणि कागदाच्या कपाटात पावसाळाभर रात्रंदिवस जळणारा साठ वॉटचा बल्ब. जून लागला की आमच्याकडे हवा इतकी ओली होते की उघडी रीम तासाभरात सादळते, कागदाच्या कडा वर वळतात आणि मशीनमध्ये जाऊन अडकतात. बल्बच्या उबेत ठेवला की कागद शहाण्यासारखा वागतो.

घरात आम्ही कोंकणी बोलतो आणि लिहितो मराठीत. आमच्या भागात ह्याचं कुणाला नवल वाटत नाही. त्यामुळे जत्रेतल्या नाटकांची हँडबिलं, लग्नाच्या पत्रिका, पंचायतीचे अर्ज, भजनी मंडळांच्या पावत्या, सगळं मराठी टायपिंग माझ्याकडे येतं. आणि कॉलेजच्या पोरांचे प्रोजेक्ट. मार्च आला की रात्री अकरापर्यंत दिवे चालू.

ऑटिझमवरचे प्रोजेक्ट मी किती टाईप केले असतील, मोजले नाहीत. 2 एप्रिलला जागतिक दिन असतो, त्याच्या आगेमागे पोस्टर निघतात. शिवाय 2023 च्या जानेवारीत पणजीत पहिला पर्पल फेस्ट, म्हणजे अपंग व्यक्तींचा महोत्सव, झाला, त्यानंतर ह्या विषयाला आमच्याकडे मागणीच वाढली. एवढं टाईप करून करून मला काही परिच्छेद पाठ झालेत. सुरुवातीला लिओ कॅनर, ऑटिझमचं पहिलं वर्णन लिहिणारे डॉक्टर, 1943, त्यांनी तपासलेली अकरा मुलं. मग 'ऑटोस' म्हणजे स्वतः, हा ग्रीक शब्द. मग मुलगे आणि मुली यांचं प्रमाण चारास एक. (2017 साली पूर्वीचे अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा ते तिनास एकच्या जवळ निघालं. मुली नजरेतून निसटतात. पण 'चारास एक' काही प्रोजेक्टमधून हलत नाही.) मग अमेरिकेचा आकडा. हा एक आकडा मात्र बदलतो. आधी 54 मुलांमागे एक होता, मग 44 मागे एक, मग 36, आता 31. बाकीचा परिच्छेद काना-मात्रेसकट तोच. जुन्या पोरांनी नव्यांना फाईल दिली, नव्यांनी आकडा बदलला, काम झालं.

गंमत अशी की आपल्या घरचा आकडा कुणी घेत नाही. 2018 साली भारतातल्या पाच ठिकाणच्या लहान मुलांचा एक मोठा अभ्यास छापून आला. पलवल, कांगडा, ढेंकनाल, हैदराबाद आणि पाचवं ठिकाण उत्तर गोवा. आमचा जिल्हा. दोन ते नऊ वर्षांची मुलं होती, आणि ऑटिझमचं प्रमाण शंभरात एकाच्या आसपास निघालं. मी एकदा एका पोराला म्हटलं, हे घाल की, गोव्याचं आहे. तो म्हणाला, "नाका अंकल, सर विचारतले खंयचें म्हूण." अमेरिकेचं असलं की सर विचारत नाहीत.

आता ज्या कारणासाठी लिहायला बसलो ते.

माझी मुलगी एकवीस वर्षांची आहे. नाव इथे घालत नाही, घरात तिला बाय म्हणतो, तेच चालवू. ती ऑटिस्टिक आहे. दहावी झाल्यावर, सोळाव्या वर्षी कळलं. त्याआधी एका डॉक्टरांकडे नेली होती. त्यांनी दोन मिनिटं गप्पा मारल्या आणि म्हणाले, "डोळ्यांत बघून बोलते हो, कसली ऑटिस्टिक? लाडावून ठेवलीय." आम्हीही खूश होऊन घरी आलो. दोन वर्षं फुकट गेली. पुढे बायनंच सांगितलं की ती कुणाच्या डोळ्यांत बघतच नाही. कुंकू लावतात तिथे बघते. चौथीतल्या बाईंनी ओरडून ओरडून शिकवलं होतं, तेव्हा तिनं ही जागा शोधून काढली. समोरच्याला फरक कळत नाही. मला बाप असून सोळा वर्षं कळला नव्हता.

बारावीनंतर ती एका कॉलेजात गेली. (समोरच्या नव्हे.) 2016 च्या कायद्यात अपंगत्वाचे 21 प्रकार आहेत, त्यात ऑटिझम स्वतंत्र आहे, सरकारी आणि अनुदानित कॉलेजांत पाच टक्के जागाही आहेत. जागा मिळाली. पण दुसऱ्या सत्रात ग्रुप प्रेझेंटेशन आलं. बायनं भर वर्गात सरांचं एक साल चुकलंय म्हणून सांगितलं, आणि ते खरंच चुकलं होतं. सर काही बोलले नाहीत, पण ग्रुपमधल्या मुलींनी नवा व्हॉट्सॲप ग्रुप केला, त्यात हिला घेतलं नाही. 'रूड आहे', 'ॲटिट्यूड आहे', असं हिच्यापर्यंत पोचलं. तिला त्यातलं एकच समजेना: "साल बरोबर होतं ना, मग?" ह्या 'मग'चं उत्तर मला आजही देता आलेलं नाही. कॉलेज सुटलं. आता इग्नूतून बी.ए. करते आणि दुपारी दुकानात बसते.

तर यंदा ऑगस्टमध्ये, भर पावसात, मानसशास्त्राची तीन मुलं आली. दोन मुली, एक मुलगा. छत्र्या बाहेर ठेवून आत आली, म्हणजे संस्कार चांगले. विषय: कॉलेज विद्यार्थ्यांचे ऑटिझमविषयीचे पूर्वग्रह. मी म्हटलं, वा. मॅडम हुशार असणार. ब्रिटनमध्ये विद्यापीठातल्या मुलांना हेच विचारून केलेला एक अभ्यास 2016 साली छापून आला होता, त्याच धर्तीवर त्यांनी फॉर्म केला होता. एकच पान, वर सूचना: 'कृपया नाव लिहू नये.' खाली प्रश्न: 'ऑटिझम हा शब्द ऐकल्यावर मनात सर्वप्रथम येणारे तीन शब्द लिहा.' आणि तीन रेघा.

फॉर्मची प्रत बायनं काढली. आठवड्यानं भरलेला गठ्ठा घेऊन मुलं परत आली, एक्सेलमध्ये घालून द्या म्हणाली. ते काम बायकडेच गेलं.

मी नको म्हणणार होतो. म्हणजे तोंड उघडलंही. पण तिनं गठ्ठा उचलून काउंटरवर तीनदा ठोकला, कडा जुळवल्या, आणि कामाला लागली. काम घेतलं म्हणजे घेतलं.

संध्याकाळी तिच्या खांद्यावरून वाचत होतो. आकडे सांगत नाही, ते त्या मुलांचे आहेत, मॅडमना द्यायचेत. शब्द मात्र सांगतो. एकलकोंडे. बिचारे. चिडखोर. गणित. जीनियस. बोलत नाहीत. लहान मुलं. भावना नसतात. हट्टी. शाहरुख खान. देवाची लेकरं. कुणीतरी कोंकणीत 'पिसो', म्हणजे वेडा, लिहून खोडलं होतं, पण बॉलपेन दाबून लिहिलेलं, पाठीमागून वाचता येत होतं. ब्रिटनमधल्या त्या पोरांनीही बहुतेक असंच लिहिलं होतं: लोकांत मिसळता येत नाही, स्वतःतच असतात, वागायला कठीण, आणि चांगल्या बाजूला एक गोष्ट ठळक, खास प्रतिभा. समुद्र ओलांडला तरी यादी तीच. फक्त तिथे शाहरुख नाही.

शाहरुखचं मला आधी वाईट वाटलं, मग वाटलं, ह्या पोरांनी बघितलेला तोच एक ऑटिस्टिक माणूस. 'माय नेम इज खान' 2010 सालचा सिनेमा, तेव्हा ही पोरं बालवाडीत होती, म्हणजे नंतर टीव्हीवर बघितला. इंग्रजीवाल्यांचा 1988 चा 'रेन मॅन', त्याचा फोटो तर दर दुसऱ्या प्रोजेक्टमध्ये रंगीत प्रिंट काढून चिकटवलेला असतो. पान दहा रुपये, मला काय. पण ज्या किम पीक नावाच्या माणसावरून ती भूमिका सुचली, तो ऑटिस्टिक नव्हताच असं पुढे समजलं, हे त्या फोटोखाली कुणी लिहीत नाही. आणि मग पोरं येऊन मला विचारतात, ऑटिस्टिक लोकांची ती पॉवर असते ना अंकल?

ह्यात मीही कमी नाही, कबूल करतो. दुकानात कुणाला बायबद्दल सांगायची वेळ आली की मी लगेच पुढे जोडायचो, "पण टायपिंग बघा तिचं! कॉम्प्युटर आहे कॉम्प्युटर." समोरचा हसायचा, मला हायसं वाटायचं. एका रात्री शटर ओढताना ती म्हणाली, "बाबा, माझा स्पीड 38 आहे. तुझा 45. तू असं का सांगतोस?"

काय सांगणार? 'ऑटिस्टिक' म्हटल्यावर समोरच्याच्या चेहऱ्यावर जे येतं ते पुसायला मला काहीतरी हवं असतं, म्हणून. तिला माझ्या ह्या पुसापुशीची गरज नव्हती. पावसात सादळलेला कागद ती नुसत्या बोटानं ओळखते, हेही मी लोकांना जादू म्हणून सांगायचो. तीन पावसाळे ह्या दुकानात काढले तर तुम्हीही ओळखाल. मी ओळखतोच.

'लहान मुलं' ह्या शब्दाशी माझं वेगळं भांडण आहे. प्रोजेक्टमधला प्रत्येक फोटो चार वर्षांच्या मुलाचा, ठोकळे रचताना. जणू अठरा झाली की ही मंडळी कुठे निघून जातात. 2018 च्या त्या अभ्यासातली कितीतरी मुलं आता ह्याच कॉलेजच्या फाटकातून आत जायच्या वयाची आहेत. गेलीही असतील. कुंकवाच्या जागेवर बघून बोलत असतील.

आणि 'भावना नसतात'. ह्याच्यावर थोडं थांबतो.

माझी आई गेली तेव्हा बाय अठराची होती. आजीवर जीव. त्या दिवशी रडली नाही. घर माणसांनी भरलेलं, ती माडीवर जाऊन बसली. शेजारच्या एका बाईनी माझ्या बायकोला हळूच विचारलं, "हिला समजलंय ना?" बाराव्याचं कार्ड मीच टाईप केलं, नेहमीच्या मापात, बारा पॉइंट. प्रिंट काढायला बसलो तर अक्षर हे एवढं मोठं आलं, कार्ड दोन पानांवर गेलेलं. बायनं सगळं वीस पॉइंट केलं होतं. मी चिडलो. माणसं खोळंबली होती, त्यात हे. तर म्हणाली, "आजीला बारीक अक्षर दिसत नाही."

ते कार्ड दोन पानांचंच वाटलं आम्ही.

मराठीत ह्याला 'स्वमग्नता' म्हणतात. टाईप करताना बोटांना सवयीचा झालाय, पण शब्द मला कधी पटला नाही. ग्रीक 'ऑटोस'चं कुणीतरी प्रामाणिक भाषांतर केलं. ब्लॉयलर नावाच्या डॉक्टरांनी 1911 च्या सुमारास मूळ शब्द काढला, तोही दुसऱ्याच आजाराचं वर्णन करताना. आता आमच्या पोरांना मराठी शब्द दिला की अर्थही आयताच मिळतो: स्वतःत मग्न. फॉर्मवर 'एकलकोंडे' यायला वेगळा पूर्वग्रह कशाला हवा? शब्दातच आहे तो. ही स्वतःत मग्न मुलगी, आत येणाऱ्या गिऱ्हाइकाचा हात ओला आहे की कोरडा हे माझ्या आधी बघते आणि ओला असला तर न बोलता फडकं पुढे करते. लोकांना तेही उर्मट वाटतं. हसून दिलं असतं तर वाटलं नसतं.

आवाज सहन होत नाही, असंही दोघातिघांनी लिहिलं होतं. हे अर्धं खरं. दिवाळीच्या तोंडावर आमच्याकडे नरकासुर जाळतात, ती रात्र आमच्या घरी शिक्षा असते. चौकाचौकात डीजे, पहाटेपर्यंत. बाय कानावर हेडफोन घालून पलंगाखाली झोपते, एकविसाव्या वर्षीही. पण चवथीला घरोघर आरत्या चालतात तेव्हा घुमट (आमचं मातीचं चर्मवाद्य) वाजवणाऱ्याच्या मांडीला मांडी लावून बसलेली असते. घुमट काही हळू वाजत नाही. मी विचारलं होतं तर म्हणाली, घुमटाचा पुढचा ठोका कुठे पडणार ते कळतं, डीजेचं काही कळत नाही. आवाजापेक्षा बेभरवसा तिला जास्त लागतो. हे मी एकदा एका प्रोजेक्टवाल्या मुलीला सांगितलं. तिनं छान ऐकून घेतलं आणि लिहिलं: 'आवाजाचा त्रास होतो.'

त्या मुलीला दोष देत नाही. पोरं वाईट नाहीत. ज्याला एकही ऑटिस्टिक माणूस ठाऊक नाही त्याला तीन रेघा भरायला सांगितल्यावर तो काय करणार? वीस वर्षं झेरॉक्सची झेरॉक्स काढून देतोय मी. मूळ कागद कुणाकडे आहे ते विचारायला सवड कुणाला असते?

डेमियन मिल्टन नावाचा एक ब्रिटिश संशोधक आहे, स्वतः ऑटिस्टिक. 2012 साली त्यानं लिहिलं की ह्यांना आपलं कळत नाही म्हणता, तर तुम्हाला तरी ह्यांचं कुठे कळतं? अडचण दोन्हीकडून आहे. 2020 मध्ये एडिंबरोच्या मंडळींनी कानगोष्टींचा खेळ मांडला. आठ-आठ जणांच्या रांगा, पहिल्याला गोष्ट सांगायची, त्यानं दुसऱ्याला. सगळे ऑटिस्टिक असलेल्या रांगेत गोष्ट जेवढी टिकली, तेवढीच सगळे बिगर-ऑटिस्टिक असलेल्या रांगेत. मिसळलेल्या रांगेत जास्त गळली. पुढे 2025 मध्ये जास्त माणसं घेऊन तोच खेळ पुन्हा केला, तर मिसळलेल्या रांगाही मागे पडल्या नाहीत. म्हणजे 'बोलता येत नाही' हे काही कुठल्याच खेळात दिसलं नाही. हे मी त्या तिघांना प्रिंट काढून दिलं, पैसे घेतले नाहीत. त्यांनी ते घातलं की नाही ते पुढे बघूच.

तर गठ्ठा. सगळे फॉर्म एक्सेलमध्ये गेले आणि मुलं रंग द्यायला बसली. चांगल्या शब्दाला हिरवा, वाईटाला लाल, ना चांगला ना वाईट त्याला राखाडी, आणि न समजलेलं रद्द. बाय माऊस चालवत होती, तिघं मागे उभी. "दीदी, 'हट्टी' लाल करा." "दीदी, 'जीनियस' हिरवा." खेळीमेळीत चाललं होतं. मधेच एक मुलगी बायला म्हणाली, तुम्ही किती शांत आहात, आमच्या घरी माझ्या हाताखाली कुणी असं काम करत नाही. बाय तिच्या कुंकवाच्या जागेकडे बघून म्हणाली, "थँक्यू."

मग एक फॉर्म आला. त्यावर लिहिलेलं:

कागद
घुमट
मंगळवार

अक्षर मी लगेच ओळखलं. आठवड्यापूर्वी प्रती काढताना एक जास्तीची निघाली असणार.

मुलगा हसला. "कुणीतरी फालतूपणा केलाय. मंगळवार म्हणे! दीदी, रद्द करा." आणि लाल पेनानं फॉर्मवर 'रद्द' असं लिहिलं. बायनं एक्सेलची ती ओळ रद्दच्या रकान्यात टाकली. मी काउंटरच्या ह्या बाजूनं बोलायला तोंड उघडलं तर तिनं माझ्याकडे असं बघितलं (माझ्याकडे ती खरंच बघते) की मी पुन्हा बाइंडिंगच्या कॉइलमध्ये डोकं घातलं.

मुलं गेल्यावर मी चिडलो. म्हटलं, का नाही सांगितलंस? त्या सगळ्या गठ्ठ्यात तेवढा एकच फॉर्म माहितगारानं भरलेला होता.

"नाव लिहू नये असं छापलंय."

"अगं, पण तोंडानं तर सांगायचंस!"

"शिवाय ते ह्या कॉलेजच्या विद्यार्थ्यांचं सर्वेक्षण आहे. मी विद्यार्थी इग्नूची. माझा फॉर्म मोजला असता तर चूक झाली असती. रद्द बरोबर आहे."

ह्यावर वाद घालून बघा तुम्ही. मी मुद्दा बदलला. "कागद समजला, घुमट समजलं. मंगळवार का?"

"सर्वप्रथम मनात येणारं लिहा म्हटलंय. त्या दिवशी मंगळवार होता."

प्रोजेक्टच्या तीन प्रती स्पायरल करून परवा गेल्या. मी दिलेलं पान आत आहे, पण कानगोष्टींचं साल 2002 पडलंय. बायला दिसलं. ह्या वेळी तिनं आधी मला विचारलं, सांगू का. मी हो म्हटलं. तिनं मुलांना फोन केला, मुलं परत आली, पान बदललं, आणि त्या मुलानं तिला थँक्यू दीदी म्हणून एक चॉकलेट दिलं. ते तिनं मला दिलं. तिला त्या चॉकलेटचा कागद आवडतो, चॉकलेट नाही.

रद्द झालेला फॉर्म मी जपून ठेवणार होतो. शोधला तर बायनं तो पाठकोऱ्या कागदांच्या ट्रेमध्ये टाकलेला, कच्च्या प्रिंटसाठी. एक बाजू कोरी आहे, फुकट कशाला घालवायची? काल एका नाटकाच्या हँडबिलाचं प्रूफ नेमकं त्याच कागदावर निघालं. मंडळाचे सेक्रेटरी चष्मा लावून वाचत होते. मग त्यांनी कागद उलटला, बराच वेळ बघितलं आणि मला विचारलं, "प्रयोग शनिवारी ना? हें मंगळवार कोणें बरयलां?"